वर्कक्यूमधला डेडलॉक: लॉक कुठं घेता यापेक्षा थांबता कुठं ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत इंडक्शन भट्टीचं तापमान आणि करंट वाचून सर्व्हरला पाठवणारी छोटी एआरएम पेटी बसवली आहे. पेटीत लिनक्स, एसपीआयवर (चिप जोडायची छोटी सीरिअल बस) जोडलेली इथरनेट चिप, आणि ड्रायव्हर तुम्हीच लिहिलेला. ऑफिसच्या टेबलावर ती कितीही दिवस चालते, फौंड्रीत मात्र मधूनच नेटवर्क गप होतं. सीरिअल कन्सोलवर लॉगिन होतं, पण ‘आयपी लिंक’ असं काही टाइप केलं की प्रॉम्प्ट परत येत नाही आणि कंट्रोल-सीही लागू पडत नाही. लॉगमध्ये ‘केवर्कर 120 सेकंदांहून जास्त काळ अडकला’ या अर्थाची ओळ दिसते. केवर्कर म्हणजे वर्कक्यूत, म्हणजे नंतर करायच्या कामांच्या रांगेत, टाकलेली कामं चालवणारा कर्नेलचा थ्रेड. तुम्ही विचारलंय की ड्रायव्हरमध्ये म्यूटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारा लॉक) एकच असताना डेडलॉक (एकमेकांची वाट बघत कायमचं अडकणं) होईलच कसा, आणि असे प्रकार मुळात होऊच नयेत म्हणून लिहिताना काय पाळायचं.

तुम्ही दिलेल्या दोन स्टॅकमध्येच, म्हणजे कोणतं फंक्शन कुठून बोलावलं गेलं त्या याद्यांमध्येच, सगळं उत्तर आहे. केवर्कर तुमच्या रीसेट_वर्कमधून (अडकलेली चिप पुन्हा सुरू करणारं काम) आरटीएनएल_लॉकमध्ये जाऊन झोपलाय. ‘आयपी’ ही प्रोसेस तुमच्या स्टॉप फंक्शनमधून कॅन्सल_वर्क_सिंकमध्ये (काम रद्द करणारं, आणि ते चालू असेल तर संपेपर्यंत थांबणारं फंक्शन) जाऊन झोपलीय. तुमचा तो एकुलता एक म्यूटेक्स या भानगडीत नाहीच. आरटीएनएल हा नेटवर्क थराचा मोठा म्यूटेक्स आहे. इंटरफेस खाली घेताना कर्नेल तो आधी घेतो आणि मग तुमचं स्टॉप फंक्शन बोलावतो. म्हणजे स्टॉपमध्ये पाऊल टाकलं तेव्हाच तुमच्या हातात एक लॉक होता, फक्त तो तुम्ही घेतलेला नव्हता. तो हातात ठेवून तुम्ही रीसेटचं काम संपायची वाट बघत बसलात, आणि ते काम तोच लॉक मागत होतं.

हे फौंड्रीतच का घडतं, तेही बघण्यासारखं आहे. भट्टी पूर्ण लोडवर गेली की गोंगाटामुळं चिप पाठवता पाठवता अडकते. नेटवर्क थराचा वॉचडॉग, ड्रायव्हरनं वेगळी मुदत दिली नसेल तर, 5 सेकंदांनी ‘ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट’ म्हणून तुमचं टाइमआउट फंक्शन बोलावतो. ते टायमरच्या संदर्भात चालत असल्यामुळं तिथं झोपता येत नाही, आणि एसपीआयवरचं काम तर झोपल्याशिवाय होत नाही. म्हणून तुम्ही रीसेट_वर्क क्यूत टाकलं. ते बरोबरच केलंत. पण त्याच वेळी तुमची ती नेटवर्क तपासणारी स्क्रिप्ट पिंग लागत नाही असं बघते आणि इंटरफेस खाली-वर करते. एकाच बिघाडानं दोन्ही वाटा एकदम जाग्या केल्या. टेबलावर चिप कधी अडकतच नाही, त्यामुळं रीसेटची वाट चालतच नाही.

त्यातही वेळ जुळून यावी लागते. ‘आयपी’नं आरटीएनएल घेण्याआधीच रीसेटनं तो घेतला असेल तर काही बिघडत नाही, ‘आयपी’ थोडा वेळ थांबतो. रीसेट अजून क्यूतच असेल, सुरू झालेलं नसेल, तरी काही बिघडत नाही. कॅन्सल त्याला क्यूतून उचलून टाकतो. घोळ होतो तो मधल्या फटीत, म्हणजे ‘आयपी’नं लॉक घेतला, पण तो अजून कॅन्सलपर्यंत पोचला नाही, आणि तेवढ्यात रीसेट सुरू झालं. तुमच्या स्टॉपमध्ये कॅन्सलच्या आधी चिप थांबवायचे एसपीआय आदेश जातात, त्याआधी कर्नेलही क्यू बंद करताना थोडा थांबतो. एवढी फट काही मिलिसेकंदांची झाली. रोज भट्टी चालणाऱ्या जागी काही मिलिसेकंद पुरतात.

आता मुख्य मुद्दा. थांबणं हाही एक लॉकच समजायचा. फ्लश_वर्क, कॅन्सल_वर्क_सिंक, फ्लश_वर्कक्यू, किंवा टायमर, इंटरप्ट (हार्डवेअरनं सीपीयूला मारलेली हाक), थ्रेड यांच्या संपण्याची वाट बघणारं कुठलंही फंक्शन बोलावलं, की ज्या कामासाठी थांबलात ते काम पुढं जे जे लॉक घेणार आहे ते सगळे तुम्ही त्या क्षणी मागितल्यासारखेच आहेत. मग त्यातला एखादा तुमच्याच हातात असेल तर कारभार आटोपला. कॉलेजात डेडलॉक शिकवताना दोन लॉक, दोन प्रोसेस आणि उलटसुलट बाण काढतात. प्रत्यक्ष ड्रायव्हरमध्ये मला भेटलेले बहुतेक डेडलॉक एका लॉकचे आणि एका थांबण्याचे असतात. दोन लॉकवाले लवकर सापडतात, कारण लोकांची नजर तिकडंच असते.

1971 मध्ये कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांनी मांडलेल्या चार अटी तुम्ही परीक्षेला पाठ केल्या असतील: एका वेळी एकालाच वापर, हातातलं धरून दुसऱ्याची वाट, हिसकावून घेता न येणं, आणि वाट बघण्याचं चक्र. चारही एकत्र आल्या तरच डेडलॉक. कर्नेलच्या कामात पहिली आणि तिसरी अट तुमच्या हातात जवळजवळ नसतेच. लॉक हा एकालाच मिळतो आणि तो हिसकावता येत नाही. हिसकावला तर अर्धवट बदललेला डेटा कुणाच्या गळ्यात मारणार? उरतात दुसरी आणि चौथी, आणि पुढचं सगळं त्या दोघींभोवतीच आहे. डाइकस्ट्राचा बँकर्स अल्गोरिदम इंजिनिअरिंगच्या पेपरात गुण मिळवून देतो, कर्नेलमध्ये त्याचा उपयोग नाही. प्रत्येक कामाला पुढं जास्तीत जास्त काय लागणार ते आधी जाहीर करावं लागतं, आणि इंटरप्ट काही अर्ज भरून येत नाही.

तुमच्या ड्रायव्हरची दुरुस्ती आधी सांगतो. दोन मार्ग आहेत आणि माझं मत दुसऱ्याकडं झुकतं.

पहिला मार्ग: रीसेट_वर्कमध्ये आरटीएनएल_लॉकऐवजी आरटीएनएल_ट्रायलॉक वापरायचा. लॉक मिळाला नाही तर तिथं न थांबता काम थोड्या विलंबानं पुन्हा क्यूत टाकायचं आणि बाहेर पडायचं. स्वतःला पुन्हा क्यूत टाकणारं काम कॅन्सलची सिंक आवृत्ती नीट थांबवते, त्यामुळं स्टॉप अडकत नाही. बऱ्याच ड्रायव्हरमध्ये ही युक्ती दिसेल. पण विलंब न देता पुन्हा पुन्हा क्यूत टाकलं तर लॉक सुटेपर्यंत सीपीयू नुसता गरगरत राहतो. शिवाय वाचणाऱ्याला कळत नाही की ट्रायलॉक इथं का आहे, आणि दोन वर्षांनी कुणीतरी ‘साफसफाई’ म्हणून तिथं साधा लॉक घालतो.

दुसरा मार्ग: स्टॉपमध्ये थांबायचंच नाही. रीसेट_वर्कनं आरटीएनएल घेतल्यावर सगळ्यात आधी नेटिफ_रनिंग तपासायचं. इंटरफेस खाली गेलेला असेल तर काही न करता लॉक सोडून परत. मग स्टॉप झाल्यावर उशिरा सुरू झालेलं रीसेट निरुपद्रवी ठरतं. कॅन्सल_वर्क_सिंक न्यायचं थेट रिमूव्ह फंक्शनमध्ये, अनरजिस्टर_नेटडेव्हच्या नंतर आणि फ्री_नेटडेव्हच्या आधी. अनरजिस्टर स्वतः आरटीएनएल घेतो आणि सोडतो, त्यामुळं त्याच्यानंतर तुमच्या हातात काही नसतं आणि निवांत थांबता येतं. हा क्रम मात्र हलवायचा नाही. आधी फ्री केलं तर डेडलॉकऐवजी मेलेल्या मेमरीवर चालणारं काम मिळेल, आणि ते शोधणं याहून वाईट.

थांबवताना आणखी एक बघा. काम रद्द करण्याआधी त्याला क्यूत टाकणारे सगळे बंद झालेले हवेत. इंटरप्टमधून, टायमरमधून, टाइमआउटमधून, जिथून जिथून क्यू_वर्क होतं ते दरवाजे आधी लावायचे आणि मग कॅन्सल. उलटं केलं तर रद्द झालेलं काम पुढच्याच इंटरप्टला पुन्हा क्यूत बसतं. 2024 च्या 6.10 पासून डिसेबल_वर्क_सिंक मिळतं. ते काम रद्द करतं आणि पुन्हा क्यूत येऊही देत नाही. पण तुमच्या बोर्डाबरोबर बनवणाऱ्यानं दिलेला कर्नेल बहुधा त्याहून जुना असेल, तेव्हा दरवाजे लावायची सवय ठेवा.

तुमच्या कोडात अजून एक जागा खटकली. तुमचा इंटरप्ट हँडलर थ्रेडवाला आहे, कारण एसपीआय, आणि तो तुमचा म्यूटेक्स घेतो. रीसेटमध्ये तुम्ही तोच म्यूटेक्स हातात ठेवून डिसेबल_आयआरक्यू बोलावता. डिसेबल_आयआरक्यू चालू हँडलर संपेपर्यंत थांबतो. हँडलर म्यूटेक्ससाठी थांबलेला, तुम्ही हँडलरसाठी थांबलेले. हा अजून फुटला नाही एवढंच. आधी इंटरप्ट बंद करा, मग म्यूटेक्स घ्या. फ्री_आयआरक्यूलाही हेच लागू, आणि टायमर ‘सिंक’ पद्धतीनं काढतानाही हेच.

आता क्यूबद्दल, कारण प्रश्नाचा दुसरा भाग तोच होता.

लिनक्समध्ये पूर्वी प्रत्येक वर्कक्यूला स्वतःचे थ्रेड असायचे, बहुधा दर सीपीयूमागं एक. 2010 मध्ये 2.6.36 मध्ये तेजुन हिओ यांनी ते सगळं बदललं. आता वर्कर थ्रेड सामाईक साठ्यात असतात. एखादं काम झोपलं की कर्नेल त्याच सीपीयूवर दुसरा वर्कर उठवतो आणि रांगेतलं पुढचं काम चालू करतो. त्यामुळं ‘एक काम अडकलं म्हणून मागचं सगळं अडकलं’ असे पूर्वीचे पुष्कळ डेडलॉक आपोआप गेले. पण यानं लोक जरा जास्तच निर्धास्त झाले. दोन ठिकाणी जुना धोका तसाच आहे.

एक म्हणजे ऑर्डर्ड वर्कक्यू, जिच्यात एका वेळी एकच काम चालतं. तिच्यात चालू असलेल्या कामानं त्याच क्यूतल्या दुसऱ्या कामाची वाट बघितली की ते दुसरं काम कधीच सुरू होत नाही. फौंड्रीत काम करता म्हणून तिथलंच उदाहरण देतो: शेडमध्ये क्रेन एकच, तिच्या हुकाला वितळलेल्या लोखंडाचं लेडल लटकलेलं, आणि ओतायच्या जागेवर आधीचा भरलेला साचा अजून उचललेला नाही. साचा उचलायला क्रेन लागते, आणि ती लेडल धरून साचा हटायची वाट बघत उभी. इथं भांडणारे दोघं नाहीतच, वर्कर एकच आहे. ऑर्डर्ड क्यू कोडमध्ये फार सोयीची वाटते, कारण कामं एकामागून एक चालणार म्हटल्यावर लॉकच लागत नाहीत. सोय खरी आहे, मी स्वतः ती वापरतो. पण अट एकच: त्या क्यूतलं कुठलंही काम त्याच क्यूला फ्लश करणार नाही, आणि त्याच क्यूतल्या कामावर अवलंबून असलेलं फंक्शनही बोलावणार नाही. दुसरी अट पाळणं अवघड, कारण ते फंक्शन तीन फायली पलीकडं असतं. साध्या क्यूलाही कमाल एकाच वेळी चालणाऱ्या कामांची मर्यादा असते. ती तुम्ही क्यू बनवताना हातानं 1 किंवा 2 ठेवली असेल तर हाच प्रकार तिथं होतो.

दुसरी जागा म्हणजे मेमरी, आणि तिच्याकडं जवळजवळ कुणी बघत नाही. वर्कर झोपला की नवा वर्कर उठवायचा, आणि हाताशी नसेल तर नवा थ्रेड बनवायचा. थ्रेड बनवायला मेमरी लागते. मेमरी संपत आली असेल तर कर्नेल जुनी पानं डिस्कवर लिहून जागा मोकळी करतो. ती पानं लिहिण्याचं काम तुमच्याच वर्कक्यूतून जाणार असेल तर? मेमरी मिळत नाही म्हणून वर्कर नाही, वर्कर नाही म्हणून लिहिणं होत नाही, लिहिणं होत नाही म्हणून मेमरी नाही. यात एकही लॉक नाही, तरी डेडलॉक पक्का. म्हणून डिस्क, फाइलसिस्टिम, नेटवर्कवरून चालणारं स्टोरेज अशा वाटेवर येणाऱ्या क्यूला बनवतानाच मेम_रीक्लेम हा झेंडा (फ्लॅग) लावायचा. तो लावला की त्या क्यूसाठी एक रेस्क्यूअर थ्रेड आधीच बनवून राखून ठेवला जातो. बाकी वर्कर मिळेनात अशी वेळ आली की तो येऊन रांगेतली कामं एकेक करून पुढं ढकलतो.

इथं लोक एक गोष्ट विसरतात. रेस्क्यूअर एका क्यूला एकच मिळतो. त्यामुळं मेमरीच्या टंचाईत तुमची क्यू कितीही रुंद असली तरी एका वेळी एकच काम पुढं सरकेल एवढीच हमी आहे. त्या क्यूतली दोन कामं एकमेकांवर अवलंबून असतील तर त्यांना वेगवेगळ्या क्यूत टाका, दोन्हींना झेंडा लावा. आणि अशा क्यूतल्या कामानं झेंडा नसलेल्या क्यूची वाट बघितली तर हमीला काही अर्थ उरत नाही. कर्नेल ते ओळखून लॉगमध्ये इशाराही देतो. तो इशारा ‘नुसती वॉर्निंग आहे, चालतंय की’ म्हणून सोडून देणारे मी पाहिलेत. त्याच वाटेवर मेमरी मागताना जीएफपी_कर्नेलऐवजी जीएफपी_एनओआयओ (मेमरी मिळवायला डिस्कवर लिहायला लावू नका, असं सांगणारा झेंडा) लागतं, नाहीतर मागणी फिरून तुमच्याच दारात येते. तुमच्या पेटीत रूट फाइलसिस्टिम नेटवर्कवर नसेल तर तुम्हाला हे आज लागणार नाही. पण याच ड्रायव्हरवर उद्या कुणी एनएफएस (नेटवर्कवरची फाइलसिस्टिम) चढवला तर लागेल.

सामाईक सिस्टिम क्यूचं काय? शेड्यूल_वर्क म्हटलं की काम तिच्यात जातं. टाकायला हरकत नाही, पण ती अख्खी क्यू फ्लश करायची नाही. तिच्यात कुणाकुणाची कामं आहेत तुम्हाला माहीत नाही, म्हणजे तुम्ही नेमके कोणते लॉक मागताय तेही माहीत नाही. अलीकडचे कर्नेल अशा फ्लशवर इशारा देतात. स्वतःचं एक काम संपवायचं असेल तर तेवढंच फ्लश किंवा कॅन्सल करा. दहा-वीस कामं एकदम संपवायची असतील तर स्वतःची क्यू बनवा. अलॉक_वर्कक्यूला खर्च नगण्य आहे.

स्पिनलॉकबद्दल, म्हणजे न झोपता गरगरत वाट बघायला लावणाऱ्या लॉकबद्दल, थोडक्यात. जो स्पिनलॉक इंटरप्टमध्येही घेतला जातो तो बाकी सगळीकडं आयआरक्यूसेव्ह पद्धतीनं (त्या सीपीयूवरचे इंटरप्ट बंद ठेवून) घ्यायचा, नाहीतर लॉक हातात असतानाच त्याच सीपीयूवर इंटरप्ट येतो आणि स्वतःवरच गरगरत राहतो. स्पिनलॉक हातात असताना झोपणारं काहीही बोलावायचं नाही, त्यात वर फ्लश आलाच. एवढं पुस्तकात असतं.

दोन किंवा जास्त लॉक घ्यायचेच असतील तर क्रम ठरवा आणि तो फायलीच्या डोक्यावर टिप्पणीत लिहा. कर्नेलच्या एमएम (मेमरी) विभागातल्या आरमॅप आणि फाइलमॅप या फायली उघडून बघा: सुरुवातीलाच कोणता लॉक कोणाच्या आत, अशी उतरंड लिहून ठेवलीय. तुमच्या फायलीत मी अशी टिप्पणी लिहिली असती: सगळ्यात बाहेर आरटीएनएल, त्याच्या आत तुमचा म्यूटेक्स, सगळ्यात आत एसपीआय बसचा लॉक. आणि त्याच उतरंडीत थांबण्याच्या जागाही लिहायच्या: ‘रीसेट_वर्कची वाट: हातात काहीही नसताना’, ‘इंटरप्टची वाट: म्यूटेक्सच्या बाहेर’. ही ओळ लिहायला बसला असता तर स्टॉपमधलं कॅन्सल तिथंच डोळ्यात खुपलं असतं. एकाच जातीचे दोन लॉक असतील, म्हणजे दोन पोर्ट, दोन रनक्यू (सीपीयूवर चालायची वाट बघणाऱ्या टास्कच्या रांगा), तर पत्त्यानं किंवा क्रमांकानं आधी लहान मग मोठा अशी रीत असते. शेड्यूलर दोन सीपीयूंच्या रनक्यूंचे लॉक घेताना असाच ठरलेला क्रम पाळतो. ग्राफिक्समध्ये एकाच वेळी कितीही बफर लॉक करावे लागतात आणि क्रम वापरणारा ठरवतो, तिथं हे जमत नाही. म्हणून 2013 मध्ये डब्ल्यूडब्ल्यू_म्यूटेक्स आला. त्यात नंतर आलेल्यानं माघार घ्यायची, सगळं सोडायचं आणि परत सुरुवात करायची. ड्रायव्हर छोटा असेल तर तिकडं वळू नका. तिथं तो लागतोय असं वाटलं की समजायचं, आराखडाच बिघडलाय.

फौंड्रीत जाऊन शोधायचं कसं? लॅपटॉप सीरिअलला लावल्यावर आधी लोड ॲव्हरेज बघा. सीपीयू रिकामा आणि लोड मात्र 2 च्या खाली येत नाही, असं असेल तर दोन टास्क डी स्थितीत झोपलेत. डी स्थितीतलं झोपणं सिग्नलनं मोडत नाही, म्हणूनच कंट्रोल-सी चालत नाही. मग सिसरिक्यू-ट्रिगर फायलीत ‘डब्ल्यू’ लिहा. अडकलेल्या सगळ्या टास्कचे स्टॅक लॉगमध्ये येतात. ‘टी’ लिहिलं तर वर्कक्यूंची स्थितीही येते, म्हणजे कोणत्या क्यूत काय चाललंय आणि काय ताटकळलंय. लॉकडेप (कर्नेलमधली लॉक तपासणारी सोय, तिच्याबद्दल शेवटी) चालू असेल तर ‘डी’नं कोणाच्या हातात कोणता लॉक आहे ते कळतं. हे सगळं वीज बंद-चालू करायच्या आधी. फौंड्रीतल्या माणसाचा पहिला हात स्विचकडंच जातो, तेव्हा सुपरवायझरना आधीच सांगून ठेवा.

वर्कक्यूचा स्वतःचा वॉचडॉगही असतो, साधारण 30 सेकंदांवर. तुमच्या बाबतीत तो बोलला नाही म्हणून क्यू ठीक आहे असं धरू नका. तो बघतो की साठ्यात ताटकळलेली कामं पुढं सरकतात की नाही. तुमचं काम नुसतं झोपलेलं आहे, त्याच्या जागी दुसरा वर्कर कामं करतोय, मग त्याला तक्रार कशाची? हार्डवेअर वॉचडॉगचंही तेच: त्याला टिचकी मारणारी प्रोसेस मजेत चालू असते. हंग टास्क दिसला की पॅनिक करून रीबूट, अशी सेटिंग ग्राहकाच्या पेटीत ठेवायला माझी ना नाही, उत्पादन थांबू नये. पण पॅनिकचा लॉग पीस्टोअरमध्ये किंवा कुठंतरी टिकला पाहिजे. तो टिकला नाही तर पेटी रात्रभर रीबूट होत राहते आणि तुम्हाला सकाळी काही सापडत नाही.

अडकलेलं सगळंच डेडलॉक नसतं. 1997 मध्ये मंगळावरचं पाथफाइंडर वारंवार रीसेट होत होतं, ती प्रायॉरिटी इन्व्हर्जन होती: लॉक सुटणार होता, पण ज्याच्या हातात होता त्याला मधल्या दर्जाच्या कामांमुळं सीपीयू मिळत नव्हता. डेडलॉकमध्ये कितीही वेळ थांबलात तरी काही सुटत नाही. एकाच टास्कचा स्टॅक पाच मिनिटांनी पुन्हा घ्या, तसूभरही हलला नसेल तर बहुधा डेडलॉक.

आणि शेवटी लॉकडेप, जे तुम्ही अजून चालू केलेलं नाही. इंगो मोल्नार यांनी ते 2006 मध्ये 2.6.18 मध्ये आणलं. प्रूव्ह_लॉकिंग हा पर्याय चालू करून वेगळा कर्नेल बनवा, फक्त ऑफिसातल्या बोर्डासाठी. वेग आणि मेमरी दोन्ही खातं, फौंड्रीत पाठवू नका. साध्या लॉकच्या बाबतीत दोन वाटा एकाच क्षणी भिडायची गरज नसते, दोन्ही उलटे क्रम त्याला कधी ना कधी वेगवेगळे दिसले की पुरे. वर्कक्यूची वाट बघणंही ते लॉकसारखंच नोंदवतं. तुमच्या बाबतीत अहवालात ‘पॉसिबल सर्क्युलर लॉकिंग डिपेन्डन्सी’ असा मथळा येईल, खाली आरटीएनएल_म्यूटेक्स, आणि त्याच्या जोडीला कंसात वर्क_कम्प्लीशन हा शब्द आणि तुमच्या रीसेट_वर्कचं नाव. हे दुसरं नाव तुम्ही कोडमध्ये कुठंच लॉक म्हणून लिहिलेलं नाही, ते तुमचं थांबणं आहे.

मधल्या काही वर्षांच्या कर्नेलमध्ये कॅन्सलसाठीची ही तपासणी वगळलेली होती, 2022 मध्ये ती परत आली. तेव्हा जुन्या कर्नेलवर लॉकडेप गप्प राहिलं म्हणून हुरळून जाऊ नका. रीसेट_वर्कच्या सुरुवातीला, आरटीएनएल घेण्याआधी, दोन-तीन सेकंदांचा एमस्लीप घाला, डीबगएफएसमधून रीसेट हातानं सुरू करता येईल अशी एक फाइल ठेवा, आणि त्या दोन सेकंदांत इंटरफेस खाली घ्या. आत्ताच्या कोडवर पहिल्याच फटक्यात अडकेल. दुरुस्तीनंतर तेच पुन्हा करून बघा, आणि मॉड्यूल काढतानाही करून बघा.

एक मेख लक्षात ठेवा. लॉकडेप पहिला अहवाल दिला की स्वतःला बंद करतं. बोर्डाबरोबर आलेल्या भलत्याच एखाद्या ड्रायव्हरनं बूट होतानाच इशारा काढला असेल तर तुमच्या ड्रायव्हरची पाळी यायच्या आधीच ते झोपलेलं असतं, आणि तुम्ही दिवसभर चाचणी करून ‘स्वच्छ’ म्हणून सही करता. चाचणीच्या आधी आणि नंतर प्रॉकमधली लॉकडेप_स्टॅट्स ही फाइल उघडून डीबग_लॉक्सची ओळ बघा. 1 असेल तर लॉकडेप जागं आहे. 0 असेल तर आधी तो भलता ड्रायव्हर काढून टाका किंवा दुरुस्त करा, आणि मग चाचणी पहिल्यापासून.